मुलांना कोळसा खाण दाखवायला नेताना: यॉर्कशरमध्ये नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी आणि मदतनिसांसाठी

यॉर्कशरमधल्या प्राथमिक शाळेत मूल असेल, तर कधी ना कधी शाळेच्या ॲपवर एक पत्र येतंच: वर्ग कोळसा खाणीचं संग्रहालय बघायला जाणार आहे, जमिनीखालीही उतरणार आहे, अमुक तारखेपर्यंत संमती द्या. पुण्याहून किंवा ठाण्याहून सहा महिन्यांपूर्वी आलेल्या आईच्या पोटात गोळा येतो. सात-आठ वर्षांचं पोर, आणि खाणीत? मग ओळखीत कोणाला तरी फोन होतो. तसे बरेच फोन माझ्याकडे येतात, कारण मी इथल्या एका शाळेत वर्गसहायक आहे आणि शनिवारी मराठी वर्गही घेते. त्यामुळे ही सहल मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे: शाळेची कर्मचारी म्हणून, आणि स्वतः फॉर्म भरून, बस ठरवून, मुलं मोजून.

फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढते. पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत, पण तुम्ही फक्त पालक असाल तर चौथी आणि पाचवी सोडून पुढे जा.

१. आधी ठिकाण समजून घ्या

संग्रहालयाचं पूर्ण नाव नॅशनल कोल मायनिंग म्युझियम फॉर इंग्लंड. वेकफिल्ड आणि हडर्सफिल्ड यांना जोडणाऱ्या ए-६४२ रस्त्यावर, ओव्हर्टन गावाजवळ ते आहे. ही खाण नंतर बांधलेली प्रतिकृती नाही. कॅपहाउस कोलियरी नावाची ही खरीखुरी खाण होती, १९८५ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं, १९८८ मध्ये संग्रहालय उघडलं आणि १९९५ मध्ये त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला.

भेटीचे दोन भाग असतात. वरचा भाग म्हणजे प्रदर्शनाची दालनं, दिव्यांची खोली, कामगारांची न्हाणीघरं, वाफेचं इंजिन, घोडे. खालचा भाग म्हणजे पिंजऱ्यासारख्या लिफ्टमधून १४० मीटर खाली उतरून बोगद्यांतून फिरणं. १४० मीटर म्हणजे जवळजवळ दोन कुतुबमिनार एकावर एक. खाली नेणारे मार्गदर्शक बहुतेक स्वतः खाणीत काम केलेले असतात. माझ्या मते या भेटीची खरी किंमत या माणसांमध्येच आहे, आणि लोक नेमकं त्यांच्याकडेच कमी लक्ष देतात. त्याबद्दल नवव्या पायरीत.

वेल्समध्ये किंवा ब्रिस्टलच्या बाजूला राहत असाल तर तुमच्या मुलांची शाळा बहुधा ब्लेनॅव्हनच्या बिग पिटला जाईल. तिथे साधारण ९० मीटर खाली उतरतात. खाली दिलेलं बरंचसं तिथेही लागू पडतं.

२. तुम्ही कोणत्या नात्याने जाताय, ते ठरवा

तीन शक्यता आहेत. एक, मूल शाळेबरोबर जातंय आणि तुम्ही घरीच आहात. दोन, शाळेने मदतनीस पालक मागितलेत आणि तुम्ही हात वर केलाय. तीन, शनिवार-रविवारचा मराठी वर्ग किंवा मंडळाची मुलं घेऊन तुम्हीच निघालाय.

दुसऱ्या प्रकारातल्यांसाठी एक सूचना. मदतनीस म्हणून जाताना धाकटं भावंड बरोबर आणता येत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना खाली नेतच नाहीत, आणि तुमचे दोन्ही हात दुसऱ्यांच्या मुलांसाठी मोकळे हवेत. तुमचं स्वतःचं मूल तुमच्याच गटात येईल असंही धरू नका. बऱ्याच शाळा मुद्दाम वेगळ्या गटात टाकतात, आणि बरोबरच करतात. पोलीस-तपासणीचा दाखला तुमच्याकडे हवा की नको, हे शाळेच्या धोरणावर असतं. शिक्षकांच्या देखरेखीखाली एका दिवसाची मदत करणाऱ्याला तो सहसा लागत नाही. तरी ऑफिसात आधीच विचारून ठेवा, कारण लागलाच तर वेळ जातो.

३. संमतीपत्र भरताना

फॉर्म छोटा असतो, पण आपले लोक ठरावीक चार ठिकाणी अडखळतात.

पहिलं म्हणजे पैसे. पत्रात अमुक पौंड ‘ऐच्छिक योगदान’ म्हणून मागितलेले असतात. शाळेच्या वेळात होणाऱ्या शैक्षणिक सहलीसाठी सरकारी शाळेला सक्तीने शुल्क घेता येत नाही, म्हणून तो शब्द. पैसे दिले नाहीत म्हणून तुमच्या मुलाला मागे ठेवता येत नाही. पण पुरेसे पैसे जमले नाहीत तर अख्खी सहल रद्द होऊ शकते. शक्य असेल तर द्या. अडचण असेल तर ऑफिसात जाऊन सरळ सांगा. इथे त्यात कोणी काही मनाला लावून घेत नाही, आणि गोष्ट बाहेरही जात नाही.

दुसरं, तातडीचा संपर्क. इथे नागपूरच्या आजीचा नंबर चालत नाही! तासाभरात शाळेत पोचू शकेल असा माणूस हवा. नवीन असाल आणि ओळख नसेल तर शेजारीण, ऑफिसातला सहकारी, कोणीही चालेल. फक्त त्या माणसाला आधी विचारा.

तिसरं, औषधं आणि उपकरणं. दमा, ॲलर्जी, अपस्मार, बंद जागेची भीती हे सगळं लिहा. ‘लिहिलं तर नेणार नाहीत’ या भीतीने लपवू नका. मुलाला श्रवणयंत्र, इन्शुलिन पंप किंवा साखर मोजणारा सेन्सर असेल तर हे फारच महत्त्वाचं आहे. कारण खाली बॅटरीवर चालणारी वस्तू नेता येत नाही, आणि अशा मुलासाठी काय सोय करायची हे शाळेला संग्रहालयाशी आठवडेभर आधी बोलून ठरवावं लागतं. त्या दिवशी सकाळी लिफ्टच्या तोंडाशी हे कळलं, तर मूल रडत वर थांबतं.

चौथं, फोटोची परवानगी. ही वेगळी खूण असते. हवं तसं ठरवा, पण रिकामी ठेवू नका.

४. स्वतःचा गट नेत असाल तर बुकिंग

संग्रहालयात शिरायला पैसे पडत नाहीत, म्हणून बरेच जण समजतात की गाड्या काढायच्या आणि जायचं. वरच्या भागापुरतं ते खरं आहे. जमिनीखालच्या फेरीला मात्र वेगळं शुल्क असतं, एका फेरीत ठरावीकच माणसं मावतात, आणि शाळांचे गट महिनोन् महिने आधी जागा धरून ठेवतात. जून-जुलैत तर विचारूच नका.

संग्रहालयाच्या शिक्षण विभागाला ईमेल करा. त्यात मुलांची संख्या, वयं, सोबतचे मोठे किती, कोणाला काही विशेष गरज आहे का, आणि तुम्ही कोण आहात हे सगळं पहिल्याच पत्रात लिहा. ‘आम्ही शनिवारी भरणारा भाषावर्ग आहोत, आम्हाला शैक्षणिक गट म्हणून धरता येईल का’ असं स्पष्ट विचारा. न विचारता कोणी आपणहून सवलत देत नाही. कोणत्या वारी संग्रहालय उघडं असतं आणि त्या दिवशी खालची फेरी चालू आहे का, दोन्ही विचारा. देखभालीसाठी किंवा अन्य कारणाने खालची फेरी बंद आणि वरचा भाग चालू, असंही होऊ शकतं. बस ठरवण्याआधी लेखी होकार घ्या.

मुख्य सल्ला: मुलांना नेण्याआधी तुम्ही स्वतः एकदा जाऊन या. स्वच्छतागृह कुठे, डबा कुठे बसून खायचा, पाऊस आला तर कुठे थांबायचं, बस कुठे उभी राहते, हे सगळं वेबसाइटवर वाचून कळत नाही.

५. कागदपत्रं

मंडळाचा किंवा मराठी वर्गाचा गट असेल तर एका फाइलमध्ये हे हवं:

– प्रत्येक मुलाचं सही केलेलं संमतीपत्र, त्यावर औषधं, ॲलर्जी आणि दोन संपर्क क्रमांक
– बुकिंगची लेखी पोच
– धोक्यांचं मूल्यमापन, म्हणजे काय बिघडू शकतं आणि तसं झालं तर कोण काय करणार
– मंडळाच्या विम्याची प्रत. बसवाले आणि काही ठिकाणं ती मागतात
– गटवार यादी: कोणती मुलं कोणाकडे
– बसचालकाचा क्रमांक

हे सगळं कागदावर छापून घ्या. का, ते आठव्या पायरीत कळेल.

धोक्यांचं मूल्यमापन दुसऱ्या कोणाचं उतरवू नका. संग्रहालय आपल्या जागेतल्या धोक्यांची माहिती देतं, पण बसमध्ये उलटी करणारा मुलगा आणि अंधाराला घाबरणारी मुलगी तुमच्या वर्गातली आहे. ती माहिती तुमच्याशिवाय कोणाकडे असणार? किती मुलांमागे एक मोठं माणूस, याला कायद्यात एकच आकडा नाही. वय लहान तितकी माणसं जास्त. खाली उतरणाऱ्या प्रत्येक फेरीला किमान किती मोठी माणसं हवीत हे संग्रहालय सांगतं, आणि गट दोन फेऱ्यांत विभागला गेला तर वर थांबलेल्या मुलांसाठीही माणसं लागतात. हे गणित आयत्या वेळी चुकतं.

६. कपडे, बूट आणि डबा

बूट सपाट तळाचे आणि बंद. सँडल, क्रॉक्स, टाचेचे बूट नकोत. जमीन ओबडधोबड आहे, पाणी साचलेलं असतं. खाली बाराही महिने गारवा असतो, त्यामुळे जुलैतसुद्धा जॅकेट लागतं. डोक्यावर हेल्मेट बसतं, म्हणून मुलींचे केस खाली वेणी घालून बांधा. उंच अंबाडा किंवा पोनी बांधली की हेल्मेट तरंगत राहतं. मदतनीस आयांनो, ओढणी घरी ठेवा.

डब्याबद्दल. बहुतेक शाळांमध्ये शेंगदाणे आणि इतर दाण्यांना बंदी असते, आणि आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे नसतं! साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, दाण्याची चटणी लावलेली पोळी, चिक्की, लाडू सगळं बाद. तूप-साखरेची पोळी गुंडाळून द्या, थेपला द्या, चीज सँडविच द्या. तुमच्या मुलाला शाळेत मोफत जेवण मिळत असेल तर शाळा सहलीचा डबाही देते. संमतीपत्रात तशी खूण करायची असते. डबा टाकून देता येईल अशा पिशवीत दिलात तर बरं, कारण परत येताना हाताशी एक वस्तू कमी.

७. आठवडाभर आधी मुलांशी काय बोलायचं

इथे घाई करू नका. काहीही न सांगता नेलेली मुलं खाली फक्त अंधार आणि लिफ्ट लक्षात ठेवतात.

सुरुवात वीज आणि आगगाडीपासून करा. हे गाव, ही घरं, ते पूल, लीड्स आणि ब्रॅडफर्डच्या गिरण्या कशावर चालत होत्या? कोळशावर. मग तो कोण काढायचं? इथे मुलांच्या वयाचा मुद्दा येतो. १८४२ पर्यंत त्यांच्याच वयाची मुलं खाली काम करत होती. सर्वांत लहानांना ‘ट्रॅपर’ म्हणत. बोगद्यात लाकडी दारं असत, ती बंद ठेवल्याशिवाय हवा ठरलेल्या मार्गाने खेळत नसे आणि विषारी किंवा स्फोटक वायू साचे. कोळशाची गाडी आली की दोरी ओढून दार उघडायचं, गेली की बंद करायचं, आणि मधला सगळा वेळ अंधारात एकट्याने बसायचं. मेणबत्त्या विकत घ्याव्या लागत, म्हणून कित्येकांकडे उजेडच नसे. थोडी मोठी मुलं-मुली ‘हरियर’, म्हणजे गाड्या ओढणारी. कमरेला पट्टा, पट्ट्याला साखळी, आणि बुटक्या बोगद्यातून हातापायांवर रांगत.

नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना हस्करची हकिगत सांगावी. संग्रहालयापासून जवळच, बार्न्सलीच्या बाजूला सिल्कस्टोन गाव आहे. तिथल्या हस्कर खाणीवर ४ जुलै १८३८ रोजी वादळी पाऊस झाला. वर चढवणाऱ्या वाफेच्या इंजिनाची आग पाण्याने विझली. खाली अडकलेली काही मुलं डोंगराच्या उतारावर उघडणाऱ्या दुसऱ्या वाटेने बाहेर पडायला निघाली. त्या वाटेत ओढ्याचं पाणी घुसलं, आणि हवेसाठी लावलेल्या अशाच एका दाराशी ती अडकली. २६ मुलं बुडाली, ११ मुली आणि १५ मुलगे, वयं ७ ते १७. त्यानंतर सरकारने खाणीत काम करणाऱ्या मुलांची चौकशी लावली. १८४२ च्या अहवालात रांगत गाड्या ओढणाऱ्या मुलांची चित्रं छापली गेली, देश हादरला, आणि त्याच वर्षी कायदा झाला: जमिनीखाली बायका, मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे यांना काम देता येणार नाही.

दारांचं काम मुलांना आधी समजलेलं असलं की खाली गेल्यावर ते लाकडी दार दिसताच ती गप्प होतात. ही हकिगत पाच-सहा वर्षांच्या मुलांना मात्र सांगू नका. त्यांच्यासाठी घोडे आणि पक्षी पुरेसे आहेत. खाणीत विषारी वायू आहे का ते कळावं म्हणून कॅनरी पक्षी नेत, आणि ब्रिटिश खाणींमध्ये ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती, म्हणजे त्यांच्या आजी-आजोबांच्या तरुणपणापर्यंत, हे ऐकून मुलं चाट पडतात.

बऱ्याच शाळा हा विषय ‘व्हिक्टोरियन काळातले हाल’ एवढ्यावर संपवतात. मला ते अपुरं वाटतं. त्यामुळे मुलांना वाटतं, १८४२ ला कायदा झाला आणि सगळं छान झालं. पण १८६६ च्या डिसेंबरात बार्न्सलीच्या ओक्स खाणीतल्या स्फोटांत साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. वेकफिल्डजवळच्या लॉफ्टहाउस खाणीत १९७३ मध्ये जुन्या बोगद्यांतलं पाणी घुसून सात जण गेले. यॉर्कशरमधली केलिंग्ली ही ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा खाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली, आणि कोळशावर वीज करणारं देशातलं शेवटचं केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, ३० सप्टेंबर २०२४ ला. म्हणजे तुमच्या मुलाच्या वर्गातल्या कोणाचे तरी आजोबा खाणीत होते. मुलांना हे आधी सांगा.

८. खाली उतरण्याआधी: बॅटऱ्या काढा

हा टप्पा नवख्यांना सर्वांत गोंधळात टाकतो. लिफ्टकडे जाण्याआधी मोबाइल, स्मार्ट घड्याळ, साधं बॅटरीचं घड्याळ, गाडीची रिमोट किल्ली, इअरफोन, काडेपेटी, लायटर, मुलांचे दिवे लुकलुकणारे बूटसुद्धा, सगळं बाजूला ठेवावं लागतं. या वस्तूंना ते ‘कॉन्ट्राबँड’ म्हणतात. मुलांना हा शब्द फार आवडतो.

कारण साधं आहे. कोळशाच्या थरातून मिथेन सुटतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असलं की एका ठिणगीने स्फोट होतो. इथे कोळसा काढणं थांबलं असलं तरी जागा खाणच आहे आणि खाणीचे सुरक्षा-नियम पाळले जातात. सर हम्फ्री डेव्ही यांचा १८१५ चा सुरक्षा-दिवा मुलांना वर दिव्यांच्या खोलीतच दाखवून घ्या: ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी, ती उष्णता शोषून घेते म्हणून ज्योत बाहेरच्या वायूला पेटवत नाही, आणि वायू असेल तर ज्योतीची उंची व रंग बदलतो. सातवीच्या विज्ञानात हे वाचलेलं आपल्यालाही इथे नव्याने कळतं.

आता व्यवहाराचं. तुमचा मोबाइल वर राहिला की मुलांची यादी, पालकांचे नंबर, किती वाजले, सगळंच गेलं. म्हणून कागद. म्हणून वर थांबणाऱ्या एका मोठ्या माणसाकडे सगळ्यांचे नंबर. आणि पालकांना आदल्या दिवशीच कळवा की साधारण दोन तास कोणी फोन उचलणार नाही. नाहीतर बाहेर आल्यावर वीस मिस्ड कॉल दिसतात. फोटो खाली काढता येत नाहीत. हेल्मेट घातलेला गटाचा फोटो उतरण्याआधी काढून घ्या.

मुलांच्या घड्याळांबद्दल पत्रातच लिहा, घरीच ठेवून यायला सांगा. मदतनीस पालकांना मात्र वेगळं बजावावं लागतं. ‘खिशात बंद करून ठेवलाय’ म्हणणारा एखादा बाबा दर वेळी निघतो. बंद मोबाइलही चालत नाही.

९. खाली

पिंजरा सावकाश उतरतो. काहींचे कान थोडे दडतात, एखादं मूल रडतं. रडणाऱ्याला बळजबरी करू नका, वर थांबणाऱ्या माणसाकडे ठेवा. म्हणूनच तो माणूस हवा. खाली उतरल्यावर मध्येच वर यायचं झालं तर सगळी फेरी अडते.

खालचा रस्ता काळाप्रमाणे पुढे सरकतो. सुरुवातीला कुटुंबच्या कुटुंब खाली काम करत असे तो काळ, मग घोडे, मग दाबलेल्या हवेवर चालणारी हत्यारं, आणि शेवटी माणसापेक्षा कितीतरी मोठी कोळसा कापणारी यंत्रं. काही ठिकाणी वाकून जावं लागतं. फेरीला तास-सव्वा तास धरा.

एका ठिकाणी मार्गदर्शक सगळ्यांना दिवे विझवायला सांगतात. हे होणार आहे ते मुलांना आधी सांगून ठेवा, आणि घाबरणाऱ्या मुलाशी खूण ठरवा: हात दोनदा दाबला की मी इथे आहे. तेवढे काही क्षण तुम्ही बोलू नका. आपल्याकडच्या मोठ्यांना शांतता पडली की ‘बघा हं, किती अंधार!’ असं म्हणायची फार हौस असते.

आता मार्गदर्शकांबद्दल. त्यांची बोली बार्न्सली-वेकफिल्डची, जाड आणि भरभर. तुम्हाला निम्मं कळणार नाही. मुलांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं, कारण ती याच बोलीत खेळतात. ‘स्नॅप’ म्हणाले तर डबा समजा, ‘फेस’ म्हणजे कोळसा प्रत्यक्ष तोडतात ती जागा, ‘डेप्युटी’ म्हणजे आपल्या भागाच्या सुरक्षेला जबाबदार माणूस. मराठी वर्ग घेऊन गेलात तरी मध्ये मध्ये भाषांतर करू नका. त्या माणसाची लय तुटते आणि मुलं तुमच्याकडे बघू लागतात. मराठीत काय बोलायचं ते बसमध्ये बोला.

प्रश्न मुलांकडून आधी लिहून घ्या आणि पाठ करून घ्या, कारण कागद अंधारात वाचता येत नाही. चांगले प्रश्न साधे असतात. खाली शी-शू कुठे करायचे? उंदीर होते का? डबा उंदरांपासून कसा वाचवायचे? पहिल्या दिवशी भीती वाटली का? खाण बंद झाल्यावर तुम्ही काय केलंत? हा शेवटचा प्रश्न एखाद्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारला, तर उत्तर कुठल्याही फलकावर वाचायला मिळणार नाही असं येतं.

एक नाजूक गोष्ट आहे. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर खाणकामगारांचा संप चालला. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या सरकारच्या खाणी बंद करण्याच्या धोरणाविरुद्ध तो होता, आणि तो हरला. या भागातल्या गावांत काही संपावर राहिले, काही कामावर परतले, आणि घराघरांत फूट पडली. अजूनही काही भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत असं इथले लोक सांगतात. आपण बाहेरून आलेली माणसं. ‘तुम्ही बरोबर होतात की थॅचरबाई?’ असं विचारू नका. ‘ते वर्ष तुमच्या घरी कसं गेलं?’ असं विचारा. बोलायचं असेल तर ते बोलतील.

१०. वरचा भाग टाळू नका

खालून आलं की मुलांना भूक लागते, दुकान दिसतं, आणि वरचं सगळं राहून जातं. शक्य असेल तर वरचं आधी आणि खालचं नंतर अशी वेळ मागून घ्या.

न्हाणीघर नक्की दाखवा. एका बाजूला मळक्या कपड्यांची कपाटं, मध्ये शॉवर, पलीकडे स्वच्छ कपड्यांची कपाटं. न्हाणीघरं येण्याआधी माणूस कोळशाने माखलेला घरी यायचा, आणि घरच्या बायका चुलीवर पाणी तापवून पत्र्याच्या टबात आंघोळीची सोय करायच्या. घरात तीन पुरुष वेगवेगळ्या पाळ्यांना असतील तर तेवढ्या वेळा. १९२० च्या कायद्याने दर टन कोळशामागे एक पेनी कामगार-कल्याणासाठी राखली गेली आणि पुढे त्या निधीतून खाणींवर न्हाणीघरं उभी राहिली. खाणीचा इतिहास हा बायकांच्या श्रमाचाही इतिहास आहे, हे मुलांना समजावायला यापेक्षा सोपी जागा नाही.

घोडे असतातच. त्यांच्यापाशी वेळ जातो, जाऊ द्या. दुकानासाठी प्रत्येकी दोन-तीन पौंडांची मर्यादा पत्रात आधीच घाला.

११. परत आल्यावर

शाळेत मुलं चित्र काढतील, परिच्छेद लिहितील. मराठी वर्गात त्याहून वेगळं करता येतं, कारण आपल्याकडेही कोळसा आहे.

विदर्भातल्या एखाद्या कुटुंबाला गाठा. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड, सावनेर या भागातल्या घरांमध्ये वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत, काम केलेलं कोणी ना कोणी निघतंच. त्या आजोबांना व्हिडिओ कॉलवर बोलवा आणि मुलांनी यॉर्कशरच्या मार्गदर्शकांना विचारलेले तेच प्रश्न त्यांना विचारू द्या. ओपनकास्टमध्ये काम केलेले आजोबा सांगतील की आम्ही बोगद्यात कधी गेलोच नाही, वरची माती हटवून उघड्यावर कोळसा काढतो, आणि आमचे थर कित्येक मीटर जाड. मग मुलांना आपोआप प्रश्न पडतो की इथे लहान मुलांना रांगावं का लागलं. इथले बरेच थर मीटरभरही जाड नव्हते.

मोठ्या मुलांसाठी आणखी दोन धागे. यॉर्कशरचा कोळसा साधारण ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या, विषुववृत्ताजवळच्या दलदलीतल्या जंगलांचा. विदर्भातला त्याहून तरुण, पर्मियन काळातला (साधारण ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीचा), गोंडवन या प्राचीन महाखंडाच्या थंड दक्षिण भागातल्या ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडांचा. आज थंड असलेला देश तेव्हा उष्ण आणि आज तापणारं चंद्रपूर तेव्हा गार, हे पृथ्वीच्या गोलावर दाखवा. दुसरा धागा कायद्याचा. ब्रिटनने आपल्या बायकांना १८४२ मध्ये खाणीतून वर काढलं. त्याच ब्रिटिशांच्या राज्यात हिंदुस्थानातल्या बायकांना जमिनीखाली काम करायला टप्प्याटप्प्याने बंदी घालणारे नियम आले ते १९२९ मध्ये, आणि युद्धात कोळसा कमी पडल्यावर १९४३ मध्ये ती बंदी उठवून बायकांना पुन्हा खाली पाठवलं गेलं. १९४६ मध्ये ती परत लागू झाली. बारा-तेरा वर्षांची मुलं यावर तासभर भांडू शकतात. भांडू द्या.

आभाराचं पत्र आठवड्याच्या आत पाठवा, संग्रहालयाच्या शिक्षण विभागाच्या पत्त्यावर. मुलांची चित्रं घाला, पण त्यावर फक्त पहिलं नाव ठेवा, आडनाव आणि शाळा नको. आणि पुढच्या वर्षी जायचं असेल, तर त्याच पत्रात तारीख विचारून टाका.